छेदातल्या बायका

पुण्यातल्या एका क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये भिंतभर पोस्टर होतं. निळ्या डोळ्यांचं परदेशी बाळ आणि खाली जाड अक्षरांत ‘यशाचं प्रमाण ७० टक्के’. मी तेव्हा २८ वर्षांचा होतो, बायको माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. कॉलेजात असताना तिला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन ती बरी झाली आणि घरातले सगळे ते विसरूनही गेले. लग्नानंतर अडीच वर्षांनी एचएसजी काढली तेव्हा कळलं, की जाता जाता त्या टीबीने दोन्ही ट्यूब बंद करून ठेवल्या आहेत. आपल्याकडे हे कारण अजिबात दुर्मीळ नाही.

काउन्सेलिंगच्या टेबलापलीकडच्या ताई म्हणाल्या, “सर, टेन्शन घेऊ नका, सत्तर टक्के आहे आपला रेट.”

मी विचारलं, “सत्तर टक्के कशाचे?”

“म्हणजे शंभरात सत्तर, सर.”

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मला राहवत नव्हतं. ऑफिसात कोणी ‘आपला सक्सेस रेट ९८ टक्के आहे’ असं म्हणालं, की मी आधी विचारतो, टाइमआउट झालेल्या रिक्वेस्ट मोजल्यात का? अंश सगळेच दाखवतात. सगळी गोम छेदात असते. आयव्हीएफमध्ये तर छेदाला निवडच निवड आहे. इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या बायका? ज्यांची स्त्रीबीजं निघाली त्या? ज्यांच्या गर्भाशयात भ्रूण सोडला त्या? आणि यश म्हणजे काय, रक्ताचा बीटा रिपोर्ट पॉझिटिव्ह येणं, सोनोग्राफीत ठोके दिसणं, की बाळ घरी येणं? प्रत्येक पायरीवर काही जणी गळतात. गळलेल्यांना मोजायचंच नाही असं ठरवलं, की टक्का आपोआप वर चढतो.

आमच्या पहिल्या सायकलचं बिल एक लाख ऐंशी हजार झालं. दोन भ्रूण सोडले. चौदा दिवसांनी बीटा निगेटिव्ह आला. त्या रात्री झोप लागेना म्हणून मी मोबाइलवर या उपचाराचा इतिहास वाचायला घेतला, आणि पुढचे तीन महिने तेच वाचत राहिलो.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी: २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि जीन पर्डी ही मूळची नर्स, जी पुढे त्यांची लॅब सांभाळू लागली. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं, तोवर बाकी दोघे हयात नव्हते. पर्डी तर १९८५ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी गेली.

मला धरून ठेवलं ते त्यांच्या वह्यांनी. १९६९ ते १९७८ या काळात एडवर्ड्स आणि पर्डीने लॅबच्या नोंदी हाताने लिहून ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी त्या वह्या ओळ न् ओळ वाचून त्यांचा हिशेब मांडला. २८२ बायका. स्त्रीबीज काढण्यासाठी दुर्बिणीच्या ४५७ शस्त्रक्रिया, म्हणजे तितक्या वेळा भूल आणि पोटाला टाके. भ्रूण गर्भाशयात सोडण्याची वेळ आली ११२ वेळा. गर्भधारणा पाच. जिवंत बाळं दोन.

आता या आकड्यांचं पोस्टर करायचं झालं तर? गर्भधारणेमागे बाळं धरली तर यश ४० टक्के. ट्रान्सफरमागे धरलं तर पावणेदोन टक्के. शस्त्रक्रियेमागे धरलं तर अर्धा टक्काही नाही. आकडे तेच आणि सगळेच खरे. ओल्डहॅमच्या मंडळींनी मात्र वहीत ४५७ च्या ४५७ ओळी ठेवल्या. ज्या २८० बायका रिकाम्या हाताने घरी गेल्या, त्यांच्याही. लुईसच्या आईला, लेस्ली ब्राउनला, सगळं जग ओळखतं. तिच्याही दोन्ही ट्यूब बंद होत्या, माझ्या बायकोसारख्याच. पण तिच्यावर जे केलं ते करायचं कसं, हे आधीच्या बायकांच्या अपयशातून कळलं होतं.

सुरुवातीला ते हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी बरीच स्त्रीबीजं तयार करत. बीजं मिळत, लॅबमध्ये भ्रूणही तयार होत, पण रुजत नसत. इंजेक्शनांनी पाळीचा उत्तरार्ध बिघडत होता, गर्भाशयाचं अस्तर टिकत नव्हतं. शेवटी १९७७ मध्ये त्यांनी इंजेक्शनंच सोडून दिली. महिन्याला निसर्गतः येणारं एकच बीज पकडायचं ठरलं. त्यासाठी लघवीतल्या हार्मोनची दर काही तासांनी तपासणी, दिवसरात्र, आणि उसळी दिसली की त्यावरून ऑपरेशनची वेळ धरायची, मग ती पहाटेची का असेना. पाचपैकी चार गर्भधारणा या शेवटच्या टप्प्यातल्या आहेत. एकच बीज म्हणजे एकच संधी, पण तिथवर तरी पोहोचता आलं.

मजा अशी, की हा उपाय फार दिवस टिकला नाही. अमेरिकेत नॉरफोकला हॉवर्ड आणि जॉर्जियाना जोन्स हे नवराबायको निवृत्तीच्या वयात नव्याने कामाला लागले होते. त्यांनी १९८० सालभर ओल्डहॅमची नैसर्गिक पद्धत वापरून पाहिली, पदरात एकही गर्भधारणा पडली नाही. जॉर्जियाना स्वतः हार्मोनच्या तज्ज्ञ. इंजेक्शनांकडे परत जाऊ, पण डोस आणि वेळ नीट बसवू, हा त्यांचा आग्रह. २८ डिसेंबर १९८१ ला एलिझाबेथ कारचा जन्म झाला आणि पुढे जगभर हीच वाट रुळली.

जास्त बीजं हवीत, पण ती मिळवताना अस्तर बिघडतं, हा तिढा मुळाशी होताच. आणि इथे गोष्ट कोलकात्यात येते.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय, इंग्रजीत मुखर्जी. जन्म १९३१ चा, हजारीबागचा. एक पीएचडी कोलकात्याची, दुसरी एडिनबरोची, प्रजननाच्या हार्मोनांवर. सोबतीला गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. लुईसनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, त्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. तिचं नाव त्यांनी जगाला ‘दुर्गा’ असं सांगितलं. आई मारवाडी कुटुंबातली, तिच्याही ट्यूब बंद होत्या.

मुखर्जींनी केलं काय ते बघा. इंजेक्शनं देऊन जास्त बीजं तयार केली. पोटात दुर्बीण न घालता योनीमार्गाने एक लहान छेद देऊन ती काढली. आणि तयार झालेले भ्रूण लगेच न सोडता गोठवून ठेवले, ५३ दिवस. इंजेक्शनांचा परिणाम ओसरला, अस्तर पुन्हा नैसर्गिक झालं, तेव्हा वितळवून गर्भाशयात सोडले. इंजेक्शनं आणि अस्तर यांचं जमत नव्हतं म्हणून एडवर्ड्सनी इंजेक्शनं काढून टाकली होती. मुखर्जींनी दोन्ही ठेवली, फक्त एकमेकांपासून वेगळी केली. आमच्या धंद्यात याला डिकपलिंग म्हणतात. दोन प्रक्रिया एकाच वेळी चालवल्या की भांडतात, मग मध्ये एक रांग ठेवायची. हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. कारण आज क्लिनिकमध्ये ‘फ्रोझन ट्रान्सफर’ म्हणून जे सांगतात त्याचा मूळ विचार हाच आहे, आणि बीजं काढण्याचा योनीमार्गही आज सगळीकडे तोच आहे, फक्त आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून सुई घालतात.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ भौतिकीचे प्राध्यापक. समितीने दावा फेटाळला. जपानहून आलेल्या निमंत्रणावर जायला परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. त्याच महिन्यात, १९ तारखेला, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ याच कहाणीवर बेतलेला आहे.

या समितीवर राग काढणं सोपं आहे आणि मी तो काढलाही. पण पुरावा मागणं यात गैर काही नव्हतं. इतक्या मोठ्या दाव्याला पुरावा मागायलाच हवा. मागणाऱ्यांना तो वाचता यायला हवा होता, एवढंच. आणि मुखर्जींना पुढची दहा-वीस जोडपी हाताळू द्यायला हवी होती. एक बाळ म्हणजे अंशातला एक. छेद तयार व्हायच्या आतच काम थांबवलं गेलं. दुर्गाच्या घरच्यांना प्रसिद्धी नको होती, तीही अडचण होतीच. त्या काळात ‘नळीतलं बाळ’ हा शब्द घरात कोण उच्चारणार?

आमच्या आईला तो शब्द आठवतो. ती परळच्या चाळीत वाढली. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा चावडाचा जन्म झाला, तेव्हा आई अकरावीत होती. गिरण्यांच्या संपाने चाळीतल्या निम्म्या घरांचं कंबरडं मोडलेलं, आणि नळावर चर्चा काय, तर काचेच्या नळीत वाढलेलं पोर दिसतं कसं! “बाटलीएवढंच असेल असं वाटायचं रे आम्हाला,” आई सांगते. केईएम महापालिकेचं हॉस्पिटल. डॉ. इंदिरा हिंदुजा तिथे होत्या आणि जवळच परळमध्येच आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था, तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. सरकारी पगारावरच्या माणसांनी सरकारी जागेत केलेलं हे काम होतं. मुखर्जींना जे मिळालं नाही ते इथे होतं: लॅब, संस्थेचा पाठिंबा आणि कुणालाही तपासता येतील अशा नोंदी. ‘भारतातली पहिली’ हा मान हर्षाला मिळाला.

मग ११ वर्षांनी आनंद कुमार कोलकात्याला सायन्स काँग्रेससाठी गेले. तिथे मुखर्जींची कागदपत्रं आणि डायऱ्या त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या वाचल्या, आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं श्रेय मुखर्जींचं आहे. म्हणजे जो मान स्वतःच्या टीमच्या नावावर लागलेला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. असं करणारी माणसं मी माझ्या क्षेत्रात अजून पाहिलेली नाहीत. दुर्गा म्हणजे कनुप्रिया अग्रवाल, तिने २००३ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला जगासमोर येऊन आपली ओळख सांगितली.

गोठवण्याचं तंत्र मात्र पुढे फार बदललं. फ्रीजरमध्ये टोमॅटो ठेवून बाहेर काढला तर त्याचा गिळगिळीत गोळा होतो, कारण आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. भ्रूणाचंही तसंच व्हायचं. १९८४ मध्ये मेलबर्नला गोठवलेल्या भ्रूणातून झोई लेलँड जन्मली, जगाने ‘पहिली’ म्हणून तिची नोंद केली. दुर्गा तेव्हा पाच वर्षांची होती. तेव्हा हळूहळू गोठवत. २००० नंतर जपानच्या मासाशिगे कुवायामांसारख्यांनी इतक्या झटक्यात गोठवण्याची पद्धत बसवली, की पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं. मधल्या काळात, १९९२ मध्ये, ब्रसेल्समधून इक्सी आली, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं. शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांसाठी तोवर फारसा उपायच नव्हता.

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर माझी कबुली. आमच्याकडे पहिले दोन वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. माझी मावशी तिला पपई खाऊ नकोस सांगायची, मला कुणी काही सांगायचं नाही. माझी तपासणी मी ‘रिलीज आहे’ म्हणत सहा महिने टाळली. रिपोर्ट आला तेव्हा संख्या ठीक, हालचाल कमी. हिंजवडीत चहाबरोबर दिवसाला पाच-सहा सिगरेटी चालायच्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे आज सोडलेल्या सिगरेटीचा फायदा अडीच-तीन महिन्यांनी. मी सोडली, पण पहिली सायकल होऊन गेल्यावर. ही ओळ लिहायला मला फार वेळ लागला.

पहिली सायकल फसल्यावर त्या क्लिनिकने सुचवलं, पुढच्या वेळी आधी ‘स्क्रॅचिंग’ करू. गर्भाशयाचं अस्तर हलकंसं खरवडायचं, म्हणजे भ्रूण चांगला रुजतो. पैसे वेगळे. या कल्पनेचा उगम २००३ च्या आसपासच्या एका लहान अभ्यासात आहे आणि ती जगभर पसरली. मग न्यूझीलंडमधून चालवलेला एक मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १,३६४ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. स्क्रॅचिंग केलेल्यांत बाळं झाली २६.१ टक्के जणींना. न केलेल्यांत २६.१ टक्के. दशांशापर्यंत तेच. हे वाचूनही बायको म्हणाली, “करून टाकू ना, तोटा काय आहे?” मला तिचं कळत होतं. हातातलं काहीतरी सुटतंय असं वाटणाऱ्या माणसाला कुठलीही वाढीव गोष्ट विकता येते. दुखतं, हा तोटा मी सांगितला. ती हसली, पण मग केलं नाही.

आम्ही क्लिनिक बदललं. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी पहिल्यांदा सोनोग्राफी स्वतः केली आणि विचारलं, “या डाव्या ट्यूबमध्ये पाणी आहे, हे आधी कुणी सांगितलं का?” नव्हतं सांगितलं. बंद ट्यूब फुगून आत पाणी साचलं, की ते गर्भाशयात झिरपतं आणि भ्रूण रुजू देत नाही. स्कॅन्डिनेव्हियातल्या डॉक्टरांनी यावर प्रयोग केला होता, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ट्यूब आधी काढून टाकलेल्या बायकांत बाळ होण्याचं प्रमाण २८.६ टक्के, न काढलेल्यांत १६.३. पोस्टरवर लावण्यासारखी ही गोष्ट नाही. पण आमच्या बाबतीत खरा फरक इथे पडणार होता, आणि पहिले एक लाख ऐंशी हजार यावर पाणी सोडून, अक्षरशः पाण्यातच गेले होते.

ट्यूब काढायची म्हणजे कधीतरी आपोआप होईल ही आशा कायमची काढायची. ती बंदच आहे, तिचा उपयोग शून्य, हे मला कागदावर पटलं होतं. बायकोने चार दिवस मागितले. त्या चार दिवसांत मी तिला एकही आकडा सांगितला नाही, हे लग्नानंतरचं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम असावं.

मॅडमना मी घाबरत घाबरत तोच प्रश्न विचारला, टक्के कशाचे? त्यांनी खणातून एक लांबुळकं रजिस्टर काढलं. पस्तिशीच्या आतल्या बायका, सुरू केलेल्या सायकली, रद्द झालेल्या, ट्रान्सफर, गर्भपात, बाळं. टक्का सत्तरच्या बराच खाली होता. “दोन भ्रूण एकदम सोडले तर वाढेल का?” मी विचारलं. त्यांनी स्वीडनच्या मंडळींनी २००४ मध्ये छापलेला प्रयोग सांगितला. ३६ च्या आतल्या बायका. एका गटात एकच भ्रूण, नाही रुजला तर मग गोठवलेला दुसरा. दुसऱ्या गटात दोन्ही एकदम. बाळ झालं पहिल्यात ३८.८ टक्क्यांना, दुसऱ्यात ४२.९. जुळी-तिळी मात्र पहिल्यात ०.८ टक्के, दुसऱ्यात ३३.१. आमचे नातेवाईक ‘जुळी झाली की एकदाच सुटलात’ म्हणतात, त्यांनी सातव्या महिन्यात जन्मलेली जुळी एनआयसीयूत पाहिलेली नसतात. त्या चार टक्क्यांसाठी केवढी किंमत मोजायची ते जिचं पोट तिने ठरवायचं. तिने एकच ठरवला.

ब्रिटनमध्ये १,५६,९४७ बायकांच्या नोंदींचा एक अभ्यास आहे, २०१५ चा. पहिल्या सायकलीत बाळ झालं २९.५ टक्के जणींना. सहा सायकलींपर्यंत जात राहिलेल्यांत ते ६५.३ वर पोहोचलं. म्हणजे पोस्टरवरचा सत्तरच्या आसपासचा आकडा अस्तित्वात आहे, पण तो सहा वेळा तेच सगळं सोसण्याचा आकडा आहे. आपल्याकडे सहा सायकली कोणाच्या खिशाला परवडतात? बहुतेक जोडपी पहिल्या-दुसऱ्यालाच थांबतात, आणि थांबलेली कुठेच मोजली जात नाहीत. ब्रिटनचं नियामक मंडळ प्रत्येक क्लिनिकचे आकडे लोकांसमोर ठेवतं. आपल्याकडे २०२१ चा कायदा आला, क्लिनिकांना नोंदणी सक्तीची झाली. पण पुण्यातल्या दोन क्लिनिकांची अशी तुलना करायला मी बसलो, तेव्हा मला वाचण्यासारखं काही सापडलं नाही.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. त्याआधी बीजं काढून घेतली होती. माझ्या एक्सेल शीटमध्ये ओळ आहे: नऊ निघाली, सात पक्व, पाच फळली, पाचव्या दिवसापर्यंत दोन टिकली, दोन्ही गोठवली. बायकोने परवा ती शीट पहिल्यांदा उघडून पाहिली. वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “अरे, यात पहिल्या वेळचे दोन कुठे आहेत?” मी ते नव्या शीटमध्ये आणलेच नव्हते. तिने स्वतः वर एक ओळ वाढवली, तारीख टाकली, ‘सोडले २, रुजले ०’ लिहिलं आणि सेव्ह केलं.

ट्रान्सफर पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. मॅडमच्या रजिस्टरमध्ये आमचा नंबर लिहून झालाय, शेवटचा रकाना रिकामा आहे.